क्लँप सुटल्यानंतर

महाधमनीच्या ॲन्युरिझमचं ऑपरेशन सर्जनच्या लेखी शेवटचा टाका बसला की संपत आलेलं असतं. आम्हा भूलतज्ज्ञांची कसोटी मात्र तिथून पुढं लागते. हृदयातून निघालेली मोठी नळी पोटात उतरते आणि बेंबीच्या आसपास दोन पायांकडे फुटते. निरोगी माणसाच्या पोटात ती साधारण 2 सेंटीमीटर रुंद असते. भिंत कमजोर होऊन ती फुगते, तोच ॲन्युरिझम, आणि 5-6 सेंटीमीटरपर्यंत फुगली की कधी फुटेल याचा नेम राहत नाही. नातेवाइकांना आम्ही ‘नळीला फुगा आलाय’ एवढंच सांगायचो आणि तेवढ्यावर त्यांना सगळं समजायचं. ऑपरेशनात फुग्याच्या वर क्लँप लावून रक्त अडवायचं, फुगा उघडायचा, आत कापडी नळी शिवायची आणि क्लँप सोडायचा. तासभर रक्तावाचून राहिलेले पाय मग एकदम रक्त ओढून घेतात, तिथं साचलेली आम्लं हृदयाकडे परततात आणि ब्लडप्रेशर धाडकन खाली येतं.

म्हणून सर्जन विचारायचे, “मॅडम, सोडू?” मी म्हणायचे, “थांबा सर, ही बाटली जाऊ दे.” रक्त दाबून चढवायचं, प्रेशर उतरवणारं ड्रिप बंद करायचं आणि मग, “सोडा, पण हळू.” सर्जन एकेक खाच सोडायचे. प्रेशर कोसळलंच तर कापडी नळी बोटांत दाबून धरायचे, मी पुन्हा भरती करायचे, आणि पुन्हा तेच. सगळं निभावलं की बाहेर ताटकळलेल्या मुलाला ‘झालं, वाचले’ असं सांगितलं जायचं.

1970 च्या दशकात मुंबईतल्या एका सार्वजनिक रुग्णालयात मी भूलशास्त्र शिकले आणि नोकरीची बहुतेक वर्षं टेबलाच्या डोक्याकडच्या बाजूला काढली. ‘वाचले’ हा शब्द अर्धा खरा असतो हे तिथं हळूहळू उमजलं. वाचले म्हणजे किती दिवस? या आजाराच्या उपचाराचा दोनशे वर्षांचा इतिहास वाचताना मला सर्जनांच्या नावांपेक्षा मोजणीची मुदत जास्त खुणावते. प्रत्येक पिढीनं निकाल मोजायची मुदत पुढं ढकलली, आणि प्रत्येक वेळी आधीच्या पिढीचा विजय थोडा उणा निघाला.

पहिली नोंद तासांत आहे. 1817 साली लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलात जांघेतला फुगा फुटलेला एक हमाल होता. ॲस्टली कूपर यांनी त्याचं पोट उघडलं, बोटानं महाधमनी चाचपली आणि तिच्याभोवती दोरा आवळला. ईथरची भूल यायला अजून जवळजवळ तीस वर्षं होती, म्हणजे हे सगळं त्या माणसाच्या शुद्धीत झालं. तो 40 तास जगला. कूपर वेडे नव्हते. त्यांचे गुरू जॉन हंटर यांनी 1785 साली गुडघ्यामागच्या फुग्यासाठी मांडीतली धमनी बांधून एका गाडीवानाचा पाय वाचवला होता. आजूबाजूच्या बारीक वाहिन्या रुंदावून रक्ताला वाट करून देतात हे हंटर यांना दिसलं होतं. मांडीत जे जमलं ते पोटात का जमू नये, हा कूपर यांचा हिशेब. तो चुकला, पण माणूस किती तास जगला हे त्यांनी लिहून ठेवलं, म्हणून पुढच्यांना सुरुवात कुठून करायची ते कळलं.

पुढच्या शंभर वर्षांत लोकांनी काय काय केलं नाही! 1864 साली लंडनमध्येच मूर नावाच्या सर्जननं छातीतल्या फुग्यात 26 यार्ड लोखंडी तार सोडली. तारेवर रक्त गोठेल आणि फुगा आतून भरून निघेल अशी कल्पना होती. रुग्ण दगावला, तरी तारेची पद्धत पुढं कित्येक वर्षं टिकली. मग 1923 साली न्यू ऑर्लिन्समध्ये रुडॉल्फ मातास यांनी महाधमनी बांधली आणि त्यांचा रुग्ण दीड वर्षाच्या आसपास जगला. शेवटी गेला तो क्षयानं. कूपरच्या 40 तासांनंतर या मुक्कामावर यायला एक शतक लागलं.

याच काळातला सर्वांत प्रसिद्ध रुग्ण म्हणजे अल्बर्ट आइनस्टाइन. पोटात सारखं दुखायचं म्हणून 1948 साली न्यूयॉर्कमध्ये रुडॉल्फ निसेन यांनी त्यांचं पोट उघडलं, तर महाधमनीला मोठा फुगा. निसेन स्वतः हिटलरच्या राज्यातून बाहेर पडून इस्तंबूलमार्गे अमेरिकेत आलेले. नळी बदलायची सोय तेव्हा नव्हती. त्यांनी फुग्याभोवती सेलोफेन गुंडाळलं. सेलोफेननं आसपासच्या ऊतींची आग होते, तिथं व्रणासारखी जाड साल धरते आणि भिंतीला आधार मिळतो, असा तो तर्क. आइनस्टाइन त्यानंतर सहा वर्षांहून अधिक जगले. एप्रिल 1955 मध्ये फुगा गळू लागला. तोवर नळी बदलण्याचं ऑपरेशन निघालं होतं आणि ते करू शकणारा सर्जन न्यूयॉर्कहून येऊन भेटून गेला होता. आइनस्टाइननी नकार दिला. आपली वेळ झाली आहे, ओढूनताणून जगण्यात अर्थ नाही, अशा आशयाचं ते बोलले. 18 एप्रिलला प्रिन्स्टनच्या रुग्णालयात ते गेले, वयाच्या 76 व्या वर्षी. या नकाराकडे मी पुढं परत येणार आहे.

नळी बदलण्याची खरी सुरुवात पॅरिसची. रक्तवाहिनीला रक्तवाहिनी कशी शिवायची ते ॲलेक्सी कॅरेल यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच दाखवलं होतं. त्यासाठी त्यांना 1912 चं नोबेलही मिळालं. पण मोठ्या नळीच्या जागी बसवायचं काय, हे ठरेना. 29 मार्च 1951 रोजी शार्ल द्युबोस्त यांनी एका रुग्णाचा पोटातला फुगा काढला आणि तिथं मृत व्यक्तीच्या शरीरातून घेऊन जपून ठेवलेल्या महाधमनीचा तुकडा शिवला. तो माणूस आठेक वर्षं जगला. पुढच्याच वर्षी ह्यूस्टनमध्ये मायकेल डिबेकी आणि डेन्टन कूली यांनी हेच ऑपरेशन केलं आणि जगभर त्याची लाट आली. टेबलावरून उठलेला रुग्ण घरी चालत जात होता, म्हणजे प्रश्न सुटला असं वाटावं अशीच ती परिस्थिती होती. काही वर्षं गेली आणि त्या उसन्या धमन्या कडक होऊ लागल्या, चुना धरू लागल्या, काही स्वतःच फुगू-फुटू लागल्या. महिन्याच्या मुदतीत जे यश दिसत होतं ते पाच-सात वर्षांच्या मुदतीत टिकलं नाही. शिवाय हव्या त्या मापाची धमनी हव्या त्या रात्री मिळायची तर कोणीतरी तरुण माणूस नुकताच मेलेला असावा लागे.

यातून सुटका केली कापडानं. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आर्थर वूरहीस नावाचा तरुण सर्जन कुत्र्यांवर प्रयोग करत होता. एका कुत्र्याच्या हृदयात चुकून राहिलेल्या रेशमी टाक्यावर काही महिन्यांनी आतल्या अस्तरासारखा चकचकीत थर चढलेला त्यानं पाहिला. धाग्यावर जे घडतं ते कापडावरही घडेल, हे त्यानं ताडलं. आधी रेशमी रुमालाची नळी शिवून पाहिली, मग विन्यॉन-एन हे पॅराशूटचं कापड घेतलं. 1952 मध्ये प्रयोग छापून आले, 1954 मध्ये माणसांवरचे. डिबेकींची गोष्ट याहून घरगुती आहे. ते ह्यूस्टनच्या फोलीज नावाच्या दुकानात नायलॉन आणायला गेले. नायलॉन संपलं होतं. दुकानदार म्हणाला, हे नवीन आलंय, डेक्रॉन, बघा. त्यांनी ते घेतलं आणि बायकोच्या शिवणयंत्रावर स्वतः नळ्या शिवल्या. शिवणकाम त्यांना लहानपणी आईनं शिकवलं होतं. लेबनॉनहून आलेलं ते कुटुंब होतं.

डेक्रॉन म्हणजे पॉलिएस्टर. मँचेस्टरच्या कॅलिको प्रिंटर्स असोसिएशनमध्ये व्हिनफिल्ड आणि डिक्सन यांनी 1941 साली ते शोधलं आणि इंग्लंडात ते टेरिलीन नावानं विकलं गेलं. माझ्या वडिलांकडे टेरिलीनचा एकच शर्ट होता. लग्नाकार्याला निघायचा, धुऊन झटकला की इस्त्री न करता घालता यायचा आणि उन्हाळ्यात अंगाला चिकटून जीव नकोसा करायचा. रेसिडेंट असताना ट्रेवर पहिल्यांदा डेक्रॉनची नळी पाहिली, पांढरी, चुण्याचुण्यांची, ‘पायजम्या’सारखी दोन पाय फुटलेली. हे आपल्या टेरिलीनचंच भावंड असं सरांनी सांगितलं तेव्हा आधी खरं वाटलं नाही. शरीर या कापडाला नाकारत नाही आणि ते वर्षानुवर्षं झिजत नाही, या दोनच गोष्टींनी गेल्या सत्तर वर्षांत लाखो माणसं जगवली.

आमच्या काळात ही नळी विणलेली असायची आणि विणीतून रक्त झिरपायचं. त्यामुळं ती आधी ‘प्रीक्लॉट’ करावी लागे. रक्त पातळ करणारं हेपॅरिन द्यायच्या आधी सर्जन त्याच रुग्णाचं थोडं रक्त काढून किडनी ट्रेमध्ये घेत आणि नळी त्यात बुडवून मुरवत. सिस्टर ती बोटांनी हलकेच चुरत राहायच्या, म्हणजे रक्त प्रत्येक छिद्रात गोठावं. ते नीट झाल्याशिवाय हेपॅरिन द्यायचं नाही, हे माझं काम. घाईत क्रम उलटा झाला तर क्लँप सुटल्यावर नळीभर घाम फुटावा तसं रक्त येई. पुढं कोलॅजनचा किंवा जिलेटिनचा लेप दिलेल्या नळ्या आल्या आणि हा सगळा उद्योग संपला. नव्या मुलांना किडनी ट्रेमधली ती लाल नळी सांगूनही डोळ्यांपुढं येत नाही. तसंच नायट्रोप्रुसाइडचं. क्लँप लावला की प्रेशर चढतं, ते उतरवायला हे औषध. पण उजेडात ते खराब होतं. आमचे वॉर्डबॉय मामा एक्स-रे फिल्मच्या पाकिटातला काळा कागद जपून ठेवायचे आणि बाटलीला, नळीला, सगळ्याला गुंडाळायचे.

शस्त्रक्रियेतही एक फरक पडला होता. आधीचे सर्जन फुगा संपूर्ण सोडवून काढायचे. त्याच्या मागं चिकटलेली मोठी नीला फाटायची आणि रुग्ण त्या रक्तस्रावानं जायचा. 1966 मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या ऑस्कर क्रीच यांनी मातास यांची जुनी कल्पना नव्यानं वापरली. फुगा काढायचाच नाही. तो उघडून आत नळी शिवायची आणि फुग्याची साल नळीवर पांघरून शिवून टाकायची. कमी केलं आणि जास्त जगले.

आपल्याकडचा रुग्ण मात्र पुस्तकातल्यापेक्षा वेगळा होता. पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकात साठीपुढचा, सिगारेट ओढणारा पुरुष. तसे गिरणगावातले विडी ओढणारे आजोबाही आमच्याकडे यायचे, पण त्यांच्या जोडीला क्षयानं पोखरलेल्या धमनीचे रुग्ण यायचे आणि तरुण मुली यायच्या. हाताची नाडी लागत नाही, प्रेशर भलतंच, आणि महाधमनी कुठं अरुंद तर कुठं फुगलेली. हा धमनीचा दाह. केईएम हॉस्पिटल आणि शेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात प्रफुल्लकुमार सेन, किनरे, केळकर आणि परुळकर यांनी अशा 101 रुग्णांचा अभ्यास करून 1973 साली त्यावर एक ग्रंथच काढला. सेन यांचं नाव 1968 च्या हृदयरोपणामुळं लोकांना माहीत आहे. मला त्यांच्या या ग्रंथाचं मोल अधिक वाटतं. इथल्या माणसाला काय होतं ते त्यांनी इथल्या माणसावरून मोजलं. पॅथॉलॉजी, एक्स-रे आणि सर्जरी एकत्र बसून एकाच आजाराचा पाठपुरावा करतात हे आमच्या पिढीनं तिथून पाहिलं.

फुगा छातीतून पोटापर्यंत पसरलेला असेल तर हिशेब आणखी अवघड. मणक्यातल्या मज्जारज्जूला रक्त पुरवणाऱ्या बारीक धमन्या तिथूनच निघतात. ह्यूस्टनचे स्टॅन्ली क्रॉफर्ड या ऑपरेशनांचे बादशहा. त्यांच्या 1,509 रुग्णांचा आढावा 1993 साली आला. महिनाभरानंतर 92 टक्के जिवंत होते, पण 16 टक्क्यांचे पाय पूर्ण किंवा अंशतः लुळे झाले होते. जिवंत माणसांच्या रकान्यात ही माणसंही होती. पाठीत सुई घालून मणक्यातलं पाणी काढत राहिलं तर मज्जारज्जूवरचा दाब कमी होतो, हे बरेच जण सांगत होते. 2002 साली जोसेफ कोसेली यांच्या गटानं 145 रुग्णांत ते तपासलं. पाणी न काढलेल्यांत 13 टक्के लुळे झाले, काढलेल्यांत 2.6 टक्के. पाठीत ती सुई घालणं भूलतज्ज्ञाचं काम. आमच्या खात्यावर सरळ जमा करता येईल असा आकडा क्वचित मिळतो, म्हणून हा मला पाठ आहे.

मग 1990 उजाडलं. ब्यूनोस आयर्सच्या हुआन पारोदी यांनी 7 सप्टेंबरला जांघेतल्या धमनीतून डेक्रॉनची नळी घडी करून वर सरकवली आणि धातूच्या जाळीनं ती फुग्याच्या आत टेकवली. पोट उघडलं नाही, महाधमनीवर क्लँप चढला नाही. जाळी हुलिओ पाल्माझ यांची. पारोदींच्या डोक्यात ही कल्पना 1976 पासून होती. त्यांच्याही आधी, 1987 साली, युक्रेनमधल्या खार्किवच्या निकोलाय व्होलोदोस यांनी छातीतल्या महाधमनीत अशीच नळी बसवली होती. पण तो सोव्हिएत काळ, लेख रशियन भाषेत, आणि पश्चिमेत कित्येक वर्षं कोणाला पत्ता नाही. पहिलेपणाचा मान कोणाला मिळतो हे कोण कोणत्या भाषेत लिहितो यावरही ठरतं.

हे नवं तंत्र, ईव्हार, मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ओकंबोकं वाटलं. रुग्ण जागा, जांघेत बधिर करायचं इंजेक्शन, सर्जन पडद्याकडे पाहत शिशाच्या एप्रनमध्ये उभे. दुसऱ्या दिवशी पेशंट चहा पीत बसलेला. जुन्या ऑपरेशनला आठ-दहा रक्ताच्या बाटल्या जमवताना नातेवाइकांची दमछाक व्हायची. इथं एखादीही लागत नव्हती. एवढं सोपं असेल तर जुनं करायचंच कशाला?

इंग्रजांनी याचं उत्तर चिठ्ठ्या टाकून शोधलं. रॉजर ग्रीनहाल यांच्या पुढाकारानं 1999 मध्ये ‘ईव्हार-1’ चाचणी सुरू झाली. दोन्ही उपचार झेपतील अशा रुग्णांना चिठ्ठीनुसार एक उपचार. 2004 चा निकाल असा: 30 दिवसांत पोट उघडलेल्यांपैकी 4.7 टक्के गेले, आतून नळी बसवलेल्यांपैकी 1.7 टक्के. नेदरलँड्सच्या ‘ड्रीम’ चाचणीत 4.6 आणि 1.2. अमेरिकेत माजी सैनिकांवरच्या ‘ओव्हर’ चाचणीत 3.0 आणि 0.5. तिन्हीकडे एकच कौल. परिषदांत टाळ्या पडल्या.

ग्रीनहाल यांच्या गटानं मात्र मोजणं थांबवलं नाही. दोन वर्षांत फरक मिटत आला. आठ वर्षांनंतर काटा उलटा फिरला. 2016 मध्ये पंधरा वर्षांचा हिशेब छापून आला तेव्हा आतून नळी बसवलेल्यांत फुगा उशिरा फुटून होणारे मृत्यू ठळकपणे जास्त होते. कारण साधं आहे. पोट उघडून शिवलेली नळी टाक्यांनी जागच्या जागी बांधलेली असते. आतली नळी दाबानं टेकलेली असते. नळी जिथं टेकते ती फुग्याची मान रुंदावली, नळी घसरली, बाजूच्या धमनीतून रक्त मागं आलं, की बंद केलेल्या फुग्यात पुन्हा रक्त शिरतं. रुग्णाला काही जाणवत नाही. वर्षाकाठी स्कॅन केला तरच दिसतं. मोठ्या ऑपरेशनलाच जे झेपणार नाहीत अशांवरची ‘ईव्हार-2’ चाचणी तर आणखी कठोर निघाली. काहीच न केलेल्यांच्या तुलनेत नळी बसवलेले एकूण आयुष्यात जास्त जगले नाहीत. त्यांचं हृदय, फुप्फुस, मूत्रपिंड त्यांना आधीच नेत होतं. या सगळ्यावरून इंग्लंडच्या नाइस संस्थेनं 2018 च्या मसुद्यात ठरवून करायच्या केसेससाठी ईव्हार जवळजवळ नाकारलंच होतं. गदारोळ झाला, 2020 च्या अंतिम शिफारशीत सूर मवाळ झाला.

आकडे लपवले तर काय होतं याचाही धडा याच काळात मिळाला. अमेरिकेत 1999 साली मान्यता मिळालेल्या पहिल्या दोन उपकरणांत ‘ॲन्क्युअर’ होतं. 2003 मध्ये गायडंट कंपनीच्या उपकंपनीनं न्यायालयात गुन्हा कबूल केला. उपकरणाच्या बिघाडाच्या 2,628 घटना तिनं सरकारला कळवल्याच नव्हत्या. 92.4 दशलक्ष डॉलर्स भरावे लागले.

फुटलेल्या फुग्याचा अनुभव वेगळाच. तिथं आम्ही रुग्णाचं पोट जंतुनाशकानं रंगवून, हिरवे कपडे अंथरून, सर्जन हातात सुरी घेऊन तयार झाल्यावरच भूल द्यायचो. भुलीनं पोटाचे स्नायू सैल पडतात, रक्तवाहिन्या ढिल्या होतात, आतापर्यंत दाबून धरलेलं रक्त मोकळं सुटतं आणि प्रेशर शून्यावर. इंजेक्शन आणि सुरी यांत मिनिटाचं अंतर चालत नसे. 2014 च्या ‘इम्प्रूव्ह’ चाचणीत 613 रुग्ण होते. शक्य तिथं आतून नळी या धोरणानं 30 दिवसांत 35.4 टक्के मृत्यू, पोट उघडून 37.4. फरक जवळजवळ नाही. पण आतून नळी बसवताना ज्यांना फक्त जागा बधिर करून घेतलं, त्यांच्यातले मृत्यू पूर्ण भूल दिलेल्यांपेक्षा खूपच कमी होते. जन्मभर भूल देण्यात घालवलेल्या बाईनं हे वाचून खूश व्हायचं की नाही? मी झाले.

सर्वांत मोठा फायदा मात्र ज्या दोन चाचण्यांनी दिला त्यांत नवं ऑपरेशन कोणतंच नव्हतं. 1998 मध्ये इंग्लंडच्या 1,090 रुग्णांत दिसलं, की फुगा 4 ते 5.5 सेंटीमीटर असताना लगेच ऑपरेशन केलं काय आणि सोनोग्राफीनं लक्ष ठेवलं काय, आयुष्यात फरक पडत नाही. साडेपाच ही रेघ तिथून आली. 2002 मध्ये 65 ते 74 वयाच्या सुमारे 67,800 पुरुषांवरची ‘मास’ चाचणी आली. निम्म्यांना एकदा सोनोग्राफीला बोलावलं, निम्म्यांना नाही. फुग्यानं झालेले मृत्यू न बोलावलेल्यांत 113, बोलावलेल्यांत 65. पोटावर जेली लावून काही मिनिटांची एक तपासणी. त्यावर इंग्लंडनं पासष्टीच्या पुरुषांसाठी देशभर तपासणीची योजना सुरू केली.

आता आमच्याकडचं सांगते. आमच्या वॉर्डच्या रजिस्टरात शेवटचा रकाना ‘निकाल’ असा होता. त्यात तीनच गोष्टी लिहिल्या जात: घरी सोडले, मृत्यू, आणि डामा, म्हणजे सल्ला न मानता निघून गेले. त्यापुढचा रकाना छापलेलाच नव्हता. सांगली, रत्नागिरी, परभणीकडचा माणूस एकदा एसटीत बसला की त्याचं पुढं काय झालं हे आम्हाला कळायचं ते तो पुन्हा आला तरच. जुन्या शस्त्रक्रियेत हे खपून जायचं, कारण शिवलेली नळी सहसा दगा देत नसे. ईव्हारमध्ये खपत नाही. साताऱ्याकडचे एक निवृत्त शिक्षक मला चांगले आठवतात. आतून नळी बसवलेली, फाइल तारीखवार लावलेली, पहिल्या वर्षीचा स्कॅन होता. पुढचा नाही. काही त्रासच नव्हता, स्कॅनचे पैसे कशाला घालवायचे, असं घरच्यांनी सांगितलं. ते आले तेव्हा फुगा फुटलेला होता आणि टेबलापर्यंत पोचण्याइतकाच वेळ त्यांना मिळाला. नळीची किंमत काही लाखांत होती, ती कुटुंबानं उभी केली होती. नंतरच्या स्कॅनबद्दल त्यांच्याशी कोणी पुरेसं बोललंच नव्हतं.

डिबेकींचं काय झालं तेही सांगायला हवं. 31 डिसेंबर 2005 ला वयाच्या 97 व्या वर्षी त्यांच्या छातीत कळ आली आणि आपली महाधमनी आतून चिरली आहे हे त्यांनी स्वतःच ओळखलं. ऑपरेशन नको म्हणाले. तसं कागदावरही होतं. फेब्रुवारीत ते बेशुद्ध होत गेले तेव्हा त्यांच्याच रुग्णालयातल्या भूलतज्ज्ञांनी वय आणि तो कागद पाहून भूल द्यायला नकार दिला. पत्नीनं आग्रह धरला, नीतिसमितीची बैठक बसली, शेवटी त्यांच्यासोबत अनेक वर्षं काम केलेल्या सलवा शेनाक या भूलतज्ज्ञ बाई दुसऱ्या रुग्णालयातून आल्या. जॉर्ज नून यांनी डेक्रॉनची नळी बसवली. महिनोन्‌महिने रुग्णालयात, दहा लाख डॉलर्सच्या वर खर्च, आणि मग ते उठले. केलंत ते बरं केलंत असं नंतर म्हणाले. जुलै 2008 मध्ये शंभरीला दोन महिने असताना गेले. आइनस्टाइन 76 व्या वर्षी नाही म्हणाले आणि त्यांचं ऐकलं गेलं. डिबेकी 97 व्या वर्षी नाही म्हणाले आणि ऐकलं गेलं नाही. नकार देणाऱ्या त्या भूलतज्ज्ञांच्या जागी मी असते तर मीही नकार दिला असता, आणि निकाल पाहूनही माझं मत बदललेलं नाही. त्या एका उदाहरणावरून नव्वदीच्या प्रत्येकाला टेबलावर घ्यायचं ठरवलं तर रजिस्टर वेगळं दिसेल.

अजूनही ओळखीतले लोक सीटी स्कॅनची सीडी घेऊन घरी येतात आणि विचारतात, “काकू, पोट उघडायचं की आतून नळी घालायची? जास्त चांगलं काय?” मी उलट विचारते: वय काय, हृदय कसं आहे, विडी सुटली का, फुग्याची मान नळी टेकायला पुरेशी आहे असं सर्जन म्हणाले का, आणि दर वर्षी स्कॅनला येणं जमेल का? पासष्टीचा, काटक, दर वर्षी शहरात येणं न जमणारा शेतकरी असेल तर मी सरळ पोट उघडायला सांगते. ऐंशीच्या, दम लागणाऱ्या आजोबांना आतून नळी, पण मुलानं स्कॅनची तारीख कॅलेंडरवर लिहायच्या अटीवर. आणि फुगा साडेचारचा असेल तर दोन्ही नको, सहा महिन्यांनी सोनोग्राफी करून या म्हणते, त्यावर बहुतेकांचा विश्वास बसत नाही.

सर्जनला काय विचारायचं तेही सांगून ठेवते. तुमच्याकडे किती टक्के वाचतात, हे विचारू नका. महिन्याभराचा आकडा सगळीकडे चांगलाच असतो. पाच वर्षांपूर्वी नळी बसवलेल्यांपैकी किती जणांचा मागच्या वर्षीचा स्कॅन तुमच्या फाइलीत आहे, हे विचारा. उत्तर देताना जो डॉक्टर फाइल उघडेल त्याच्याकडे करून घ्या.